आकडा : दहाचे नऊ करणारा सौदा

मटका जन्मला तो आपल्याच कापसाच्या बाजारात, ही गोष्ट आजच्या तरुण व्यापाऱ्यांना ठाऊक नसते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला येत व त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तिथलेच. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. पुढे कल्याणजी भगत यांचा वरळी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांचा न्यू वरळी मटका सुरू झाला आणि गिरणी कामगारांचा पगार त्यात जाऊ लागला.

आम्ही कापडवाले आधी हिशेब पाहतो. शून्य ते नऊ, एकूण आकडे दहा. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर एक आकडा लागणारच. पण हाती येतात साधारण नऊ रुपये. दहाला घेऊन नऊला विकायचा सौदा कोणता व्यापारी करील?

मग शहाणासुरता माणूस अडकतो कसा? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. ठराविक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळणारे कबुतर दाणे बंद होताच लवकर थांबते. पण दाणा कधी तीन चोचींनंतर, कधी तीसनंतर, असा अवचित मिळाला, की दाणे बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारीत राहते. माणसाला बांधून ठेवते तीही ही अनिश्चितताच.

दुसरा फास ‘थोडक्यात हुकण्याचा’. सात लावला, आठ आला. हिशेबाने ही सरळ हार. मन मात्र म्हणते, अगदी जवळ आलो होतो. तिसरा फास ‘गेलेले भरून काढण्याचा’. रंग सोडणाऱ्या ताग्यात आपण आणखी भांडवल घालीत नाही. आकडेवाला नेमके तेच करतो.

कुरआनने शराब आणि जुगार एकत्रच हराम ठरविले आहेत (सूरह अल-माइदा, आयत ९०). अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनीही २०१३ मध्ये जुगाराच्या व्यसनाला दारूच्या व्यसनाच्याच वर्गात बसविले.

आता आकडा खिशातल्या फोनवर आला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. परंतु कायदा दुकान बंद करील, मनातली ओढ नव्हे. तिचा बंदोबस्त आपल्यालाच करावा लागेल.

कारखानदार बंधूंनो, कारागीर पुन्हा पुन्हा उचल मागू लागला, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी हात पसरू लागला, तर चारचौघांत बोलू नका. बाजूला बसवून विचारा. कर्ज फेडायला त्याच्या हाती रोकड देऊ नका. वाण्याचे वाण्याला, घरभाड्याचे घरमालकाला थेट द्या. कारागीर बंधूंनो, पगार हाती येताच घरखर्च घरी पोहोचता करा. निकालाच्या वेळी त्या नाक्यावर थांबू नका आणि फोनही दूर ठेवा. ओढ उठते तशी थोड्या वेळाने ओसरतेही. तेवढा वेळ कुणाच्या तरी सोबतीत काढा. स्वतःहून सुटत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे पैसे लागत नाहीत. उपचार घेण्यात शरम नाही.

धंद्यातही नफा-तोटा असतो. पण तोट्यानंतर माल, गिऱ्हाईक आणि अनुभव मागे उरतो. आकड्यात मागे उरते ती फक्त उधारी, आणि ती घरच्यांना फेडावी लागते.