काचेच्या पेटीतले वारूळ

'आयत्या बिळात नागोबा' ही म्हण आपल्याकडे टोमणा म्हणून वापरली जात असली, तरी तिच्यातील निरीक्षण बिनचूक आहे. बहुतेक साप स्वतः बीळ खणत नाहीत. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांत आढळणारा बॉल पायथन हा लहान चणीचा अजगरही उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत आणि वाळवीच्या ओस पडलेल्या वारुळांत दिवस काढतो. धोका जाणवला की डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे घालतो, म्हणून हे नाव. अमेरिका व ब्रिटनमध्ये हौसेने पाळल्या जाणाऱ्या सापांत त्याचा क्रमांक फार वरचा आहे. वारुळाच्या अंधारात राहणाऱ्या या प्राण्याला तेथे दिवाणखान्यात, काचेमागे ठेवले जाते. पाहणाऱ्याला तो दिसावा असे वाटते, आणि त्याला स्वतःला दिसायचे नसते. घरच्या घरी स्वस्तात पेटी बनविणाऱ्याला आधी हा पेच सोडवावा लागतो, सुतारकाम नंतरचे.

आपल्याकडे मात्र ही हौस करण्यापूर्वी कायदा पाहणे आवश्यक आहे. नाग, घोणस, धामण, भारतीय अजगर अशा देशी सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून ते पकडणे किंवा घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी प्राण्यांची, म्हणजे बॉल पायथनचीही, नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक केली आहे. तेव्हा पुढील वर्णन ज्या देशांत ही हौस कायदेशीर आहे, तेथील आहे.

नवखा हौशी बहुधा माशांची काचेची टाकी घेऊन येतो. ती सहज मिळते आणि दिसतेही छान. परंतु चारही बाजूंनी काच असल्यामुळे सापाला कोठेच आडोसा वाटत नाही. वर जाळीचे झाकण असल्याने उष्णता आणि ओलावा निघून जातात. उलट पाठ, दोन्ही बाजू आणि छत लाकडी व केवळ दर्शनी बाजूला काच अशी पेटी स्वस्तही पडते आणि सापालाही मानवते. सपाट पडद्याचे दूरचित्रवाणी संच आल्यावर अमेरिकेत जुन्या संचांची भलीमोठी कपाटे अडगळीत निघाली. अनेकांनी ती कवडीमोलाने घेऊन सापांची घरे केली. पुस्तकांच्या जुन्या कपाटांचेही तसेच झाले.

नव्याने पेटी बांधायची तर हिशेब सोपा आहे. पूर्ण वाढलेला बॉल पायथन साधारण तीन ते पाच फूट लांब असतो. सापाला पेटीत पूर्ण लांब होता आले पाहिजे, असे ब्रिटनमधील 'आरएसपीसीए' ही प्राणिकल्याण संस्था सांगते. त्यामुळे चार फूट लांब, दोन फूट खोल व दोन फूट उंच हे माप रूढ झाले आहे. साप त्याहून मोठा असेल तर पेटीही मोठी हवी. तळ, छत व पाठ यांचे प्रत्येकी आठ चौरस फूट आणि दोन बाजूंचे प्रत्येकी चार, असे एकूण बत्तीस चौरस फूट होतात. बाजारात मिळणारा आठ बाय चार फुटांचा एक तक्ता नेमका तेवढाच असतो. करवतीत जाणारी जागा धरली तर माप किंचित घटते, एवढेच. तळाचा भुसा बाहेर सांडू नये म्हणून पुढे तीन-चार इंचांची पट्टी लागते, ती वेगळी आणावी लागते.

तक्ता मेलामाइनचा थर दिलेला घेतल्यास पुसायला सोपा जातो. मात्र त्याच्या आतला लाकडाचा चुरा पाणी लागताच फुगतो, म्हणून कापलेली प्रत्येक कड आणि आतला प्रत्येक सांधा सिलिकॉनने बंद करावा लागतो. सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा उग्र वास सुटतो. तो पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडता कामा नये. घाई बहुधा येथेच होते.

पुढच्या दोन काचा वरच्या व खालच्या खाचेत सरकतात. वरची खाच अधिक खोल ठेवली, की काच आधी वर सारून मग खाली बसविता येते आणि साफसफाईसाठी तशीच काढता येते. दोन्ही काचा मध्यभागी इंचभर एकमेकींवर आल्या पाहिजेत. सराफाच्या काचेच्या कपाटाला असते तसले कुलूप येथेही लागते आणि ते चैनीचे नव्हे. साप रात्र रात्र प्रत्येक फट नाकाने दाबून पाहतो. हवेसाठी थंड टोकाला खाली आणि उबदार टोकाला वर भोके पाडली, तर गरम हवा वरून निघते व ताजी हवा खालून येते. भोकांच्या कडा आतून घासून गुळगुळीत कराव्या लागतात, अन्यथा सापाचे नाक सोलवटते.

येथवर काटकसर खुशाल करावी. उष्णतेच्या बाबतीत ती अंगलट येते. साप शरीराची ऊब स्वतः निर्माण करीत नाही. ऊन-सावलीत जागा बदलून तो ती राखतो. म्हणून पेटीचे एक टोक सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरे २५ ते २७ अंश असावे लागते. संपूर्ण पेटी एकाच तापमानाची झाली, तर त्याची निवडच संपते. फार थंडीत गिळलेले भक्ष्य पचत नाही व तो ते ओकून टाकतो. थर्मोस्टॅटविना लावलेली हीट मॅट एवढी तापू शकते, की सापाच्या पोटाची कातडी भाजते. तापलेल्या पृष्ठावरून तो दर वेळी वेळीच बाजूला होतो असे नाही. दिव्याभोवती जाळीचा पिंजरा नसेल तर साप दिव्यालाच वेढा घालतो. लाकडी पेटीत आगीचा धोका असतो तो वेगळाच. अनेक जण पेटीच्या लाकडाला आणि शोभेच्या खडकांना पैसे मोजतात आणि थर्मोस्टॅट 'पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणतात. खरेदीचा क्रम याच्या उलट हवा.

तळाशी ॲस्पेन लाकडाचा भुसा किंवा सायप्रसच्या सालीचा चुरा चालतो. सीडारचा भुसा त्यातील तेलांमुळे टाळावा लागतो. ओलावा कमी पडला तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवरचे पापुद्रे तसेच राहतात. सततच्या कोंदट ओलीने श्वसनमार्गाचा विकार जडतो.

राहता राहिले वारूळ. एकच लपण ठेवले आणि ते थंड टोकाला असले, तर साप ऊब सोडून तेथेच बसून राहतो. उबेपेक्षा त्याला आडोसा प्यारा. म्हणून दोन्ही टोकांना एकेक लपण हवे. उपडी घातलेली मातीची कुंडी, तिला कडेला एक तोंड पाडून, पुरेशी होते. त्यात वेटोळे दाटीवाटीने, अंग भिंतींना टेकून बसले पाहिजे. ऐसपैस लपण माणसाला आवडते, सापाला नाही. पाणी भरलेले जड भांडे ठेवले की पेटी तयार झाली.

मग ती एक-दोन आठवडे रिकामीच चालवून पाहतात. रात्रीचे किमान व दिवसाचे कमाल तापमान टिपून थर्मोस्टॅट जुळवितात. त्यानंतर साप सोडला, की तो कुंडीत शिरतो आणि पहिले काही दिवस काचेतून केवळ भुसा दिसतो. या काळात तो भक्ष्यालाही अनेकदा तोंड लावत नाही. जाणकार अशा वेळी पाणी तेवढे बदलतात. दिवे मालवल्यावर, रात्री उशिरा, कुंडीच्या तोंडाशी त्याचे डोके दिसू लागते.