देवमण, गोम आणि ग्रँड नॅशनल

स्टीपलचेस हा शब्द मराठी घरांत पोहोचवला तो माणदेशच्या ललिता बाबरने आणि बीडच्या अविनाश साबळेने. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ललिता दहावी आली आणि २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाशने केनियाच्या धावपटूंच्या बरोबरीने धावून रौप्यपदक आणलं, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांना एकच प्रश्न पडला होता: धावायच्या शर्यतीत हे पाण्याचं डबकं कशाला? त्याचं उत्तर घोड्यांकडे आहे. तीन हजार मीटरच्या त्या शर्यतीतले अडथळे आणि पाणी म्हणजे इंग्लंड-आयर्लंडच्या शेतांतली कुंपणं आणि ओढे. आधी ते घोड्यांनी ओलांडले, मग एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी तोच खेळ दोन पायांवर आणला.

शब्दाचा जन्म १७५२चा. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात ओ'कॅलहॅन आणि ब्लेक या दोन गृहस्थांनी पैज लावली, की बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत आधी कोण पोहोचतं ते बघू. अंतर चारेक मैल. रस्ता असा नाहीच. लांबून दिसणारा चर्चचा उंच सुळका, म्हणजे स्टीपल, नजरेसमोर ठेवायचा आणि मधे बांध, भिंत, चर जे येईल त्यावरून घोडा उडवायचा. जिंकलं कोण, याची खात्रीलायक नोंद उरलेली नाही.

या रानटी पैजेचा सगळ्यात नामांकित वारस म्हणजे लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावरची ग्रँड नॅशनल. (गावाच्या नावाचा उच्चार आपल्या नाटकातल्या 'एन्ट्री'सारखाच, आणि तिथली एन्ट्री नाटकाइतकीच बेभरवशाची.) विल्यम लिन नावाच्या हॉटेलमालकाने सेफ्टनच्या अर्लकडून जमीन घेऊन १८२९मध्ये तिथे मैदान उभं केलं. पहिली अधिकृत नॅशनल १८३९ची. जिंकणाऱ्या घोड्याचं नाव 'लॉटरी'. पुढे पावणेदोनशे वर्षं या शर्यतीबद्दल जे लिहिलं गेलं ते त्या एका नावात आधीच येऊन गेलं होतं. गंमत अशी, की हा लॉटरी लॉटरीसारखा लागला नाही. तो त्या दिवशीचा लोकांच्या पसंतीचा घोडा होता, भाव पाचास एक.

त्याच शर्यतीत कॅप्टन बेचर नावाचा स्वार घोड्यावरून ओढ्यात पडला आणि मागून येणाऱ्या टापा चुकवायला पाण्यातच दबा धरून बसला. त्या जागेला आज 'बेचर्स ब्रुक' म्हणतात. विजेत्यांची नावं लोक विसरतात. पडलेल्याचं नाव मात्र नकाशावर राहिलं.

आजची शर्यत सव्वाचार मैलांहून थोडी जास्त, म्हणजे जवळजवळ सात किलोमीटरची. मैदानाला दोन फेऱ्या, एकूण तीस उड्या. स्प्रूसच्या हिरव्या फांद्यांनी मढवलेली कुंपणं प्रत्यक्षात सोळाच. चौदा दोनदा ओलांडायची, दोन एकदाच. 'द चेअर' पाच फूट दोन इंच उंच आणि अलीकडे रुंद चर. 'कॅनॉल टर्न'ला उडी मारून जमिनीवर पाय टेकतात न टेकतात तोच काटकोनात वळायचं. हे सगळं संपलं की शेवटच्या कुंपणापासून विजयखांबापर्यंत ४९४ यार्डांचा नुसता सपाट पट्टा. बहुतेक शर्यती कुंपणांत हरल्या जातात. पण ज्यांची आठवण लोक पिढ्यान्‌पिढ्या काढतात, त्या या पट्ट्यावर हरल्या गेल्या.

१९५६ साली राजमातेचा 'डेव्हन लॉक' तिसावी उडी सुखरूप मारून पुढे आला. मागे जवळपास कोणी नाही, प्रेक्षक टोप्या उडवताहेत, आणि खांब पन्नासेक यार्डांवर असताना घोडा अचानक पोटावर बसला. का, ते आजतागायत कोणाला सांगता आलेलं नाही. त्याचा स्वार होता डिक फ्रान्सिस. हाच पुढे लेखक झाला आणि त्याची घोडेशर्यतींची रहस्यं मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत वर्षानुवर्षं मिळत राहिली. आयुष्यातलं सगळ्यात मोठं रहस्य त्याच्याच मांडीखाली घडलं होतं, आणि ते काही त्याला सोडवता आलं नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. दरवर्षी एप्रिल आला की इंग्रजी वर्तमानपत्रं 'विजेत्याची लक्षणं' छापतात: वय किती असावं, वजन किती असावं, आधी किती मैल धावलेला असावा. ते वाचताना मला आपली जुनी अश्वपरीक्षा आठवते. घोडा विकत घेताना अंगावरचे केसांचे भोवरे तपासत. देवमण असलं तर धन्याचं भाग्य उजळलं, गोम असली तर घोडा कितीही देखणा असो, सौदा मोडला. 'यात काहीतरी गोम आहे' म्हणताना आपण अजूनही त्या घोड्याला हात लावत असतो. ग्रँड नॅशनलची लक्षणं म्हणजे आकडेवारीचे भोवरे. फक्त फरक असा, की त्यातले काही खरे होते.

सगळ्यात खरा भोवरा वजनाचा. ही हँडिकॅप शर्यत आहे. महालक्ष्मीला किंवा पुण्याला रेस पाहिलेल्यांना हे सांगायला नको: घोडा जितका चांगला, तितकं त्याच्या पाठीवर ओझं जास्त, स्वार हलका असेल तर खोगिराला शिसं लावून. उद्देश हा, की सगळे एका रेषेत यावेत. महालक्ष्मीला मैल-दीड मैलाच्या सपाटीवर दोन-चार किलोंचा फरक कळतो न कळतो. इथे सात किलोमीटर आणि तीस उड्यांमध्ये प्रत्येक पौंड शेवटच्या पट्ट्यावर वसूल होतो.

त्याचं सगळ्यात हृदयद्रावक उदाहरण १९७३चं. ऑस्ट्रेलियाचा 'क्रिस्प' १२ स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो, घेऊन असा सुटला की दुसऱ्या फेरीत मागचे घोडे कॅमेऱ्यात मावेनात. त्याच्या मागे एकटा 'रेड रम', पाठीवर २३ पौंड कमी. शेवटच्या कुंपणानंतर क्रिस्पचे पाय शिसाचे झाले. तो दारुड्यासारखा झोकांड्या खात होता, आणि रेड रमने त्याला अगदी खांबापाशी पाऊण लांबीने गाठलं. वेळ ९ मिनिटं १.९ सेकंद, आधीच्या विक्रमापेक्षा अठरा सेकंदांहून जास्त वेगवान. म्हणजे हरलेल्या क्रिस्पनेही विक्रम मोडला होता. ती चित्रफीत मी जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा यंदा तरी क्रिस्प वाचेल असं वाटतं.

रेड रम मात्र लबाडीने जिंकला असं कोणी म्हणू नये, कारण पुढच्याच वर्षी तेच १२ स्टोन त्याच्या पाठीवर आले आणि तो तरीही जिंकला. १९७५ आणि ७६ला दुसरा, १९७७ला पुन्हा पहिला. नॅशनल तीनदा जिंकणारा दुसरा घोडा नाही. भोवरे पाहून कोणी घेतला असता तर हा घोडा पहिल्यांदा नाकारला गेला असता: जन्म छोट्या अंतराच्या शर्यतींसाठी, पायाच्या हाडाला आजार. प्रशिक्षक जिंजर मॅकेन हे साउथपोर्टला मोटारींचं दुकान चालवत आणि दुकानामागे घोडे ठेवत. ते त्याला समुद्राच्या वाळूत पळवत, खाऱ्या पाण्यातून चालवत. पाय सुधारला. १९९५ साली तो गेला तेव्हा त्याला एन्ट्रीच्या विजयखांबाजवळ पुरलं.

त्यानंतर बराच काळ वजनाचा भोवरा देवमणासारखा मानला गेला. १९८३च्या 'कॉर्बिअर'नंतर २००५च्या 'हेजहंटर'पर्यंत ११ स्टोन किंवा त्याहून जास्त घेऊन जिंकलेला घोडा एकच, १९८८चा 'ऱ्हाइम अँड रीझन', आणि तोही नेमके ११ स्टोन घेऊन. त्यामुळे ११च्या वरचं नाव दिसलं की शहाणे लोक पेन्सिलीने काट मारत. वयाचंही तसंच: नऊ ते अकरा वर्षांचा, मुरलेला, मार खाल्लेला घोडा घ्यावा. कोवळ्या घोड्याचं हे काम नाही. सात वर्षांचा घोडा १९४०नंतर जिंकलाच नव्हता.

आणि या सगळ्या लक्षणांच्या वर एक लक्षण होतं, जे कोणी यादीत लिहीत नसे: उभा राहा, म्हणजे जिंकशील. १९२८ला ४२ घोडे निघाले, पोहोचले दोन. त्यातला दुसरा शेवटच्या कुंपणावर पडून पुन्हा उठलेला. जिंकलेल्या 'टिपेररी टिम'चा भाव शंभरास एक. २००१च्या चिखलात चाळीसपैकी चार पोहोचले, त्यातल्या दोघांवर वाटेत पुन्हा स्वार चढवावा लागला. आणि १९६७! तेविसाव्या कुंपणाशी, जे मैदानातल्या सगळ्यात बुटक्यांपैकी एक, एक बिनस्वाराचा मोकाट घोडा आडवा फिरला. क्षणात सगळा जमाव तिथे कोसळला: घोडे उलटे वळताहेत, स्वार कुंपणावर लटकताहेत, कोणी लगाम धरून धावतंय. 'फॉइनेव्हन' इतका मागे होता, की त्याच्या स्वाराला पाहायला, विचार करायला आणि बाजूची फट शोधायला वेळ मिळाला. तो एकटाच पहिल्या प्रयत्नात पलीकडे गेला आणि जिंकला. शंभरास एक. त्याच्यावर इतका कमी भरवसा होता, की प्रशिक्षक त्या दिवशी दुसऱ्याच मैदानावर होता. आज ते कुंपण फॉइनेव्हनच्या नावाने ओळखतात. आळशी मुलांना सांगायला याहून वाईट गोष्ट नाही.

पण आता ही गोष्ट जुन्या मैदानाची झाली. जो गोंधळ हसून सांगितला जातो त्याची दुसरी बाजू घोड्यांच्या मोडलेल्या पायांची आहे. २०११ आणि २०१२, दोन्ही वर्षी दोन-दोन घोडे मेले. २०१२मध्ये त्यात महिनाभरापूर्वी चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकलेला 'सिंक्रोनाइज्ड' होता. लोकांचा राग वाढला, आणि मैदानाचे मालक हलले. कुंपणांच्या आतला लाकडी गाभा काढून लवचीक प्लॅस्टिकचा घातला, अंतर कमी केलं, बेचर्सच्या पलीकडचा खोल उतार तर त्याआधीपासूनच टप्प्याटप्प्याने भरत आणला होता. २०१३ ते २०१८ या शर्यतीत एकही घोडा दगावला नाही. २०१९ला मात्र पुन्हा दगावला, आणि २०२१ ते २०२३ दरवर्षी दगावले. २०२३ला तर निदर्शक मैदानात घुसल्याने शर्यतच उशिरा सुटली. मग २०२४ला घोडे चाळीसवरून चौतीस केले, पहिलं कुंपण साठ यार्ड अलीकडे आणलं म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत वेग चढू नये, आणि प्रवेशासाठी गुणवत्तेची पायरी उंचावली. त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. दोन तृतीयांश घोड्यांनी शर्यत पुरी केली.

आणि कुंपण बदललं तशी लक्षणंही बदलली. खरी गोम इथे आहे: भोवरे घोड्याच्या अंगावर नव्हतेच, ते कुंपणात होते. पडण्याची भीती कमी झाली तसा मुरलेल्या म्हाताऱ्याचा फायदा गेला आणि दर्जेदार, तरुण घोड्याचा आला. २००४ ते २०१४ या काळातले विजेते नऊ ते बारा वर्षांचे. २०१५पासून २०२५पर्यंतचा एकही विजेता नऊच्या पुढचा नाही, आणि २०२२चा 'नोबल यीट्स' सात वर्षांचा. वजन पाहा: २०१५चा 'मेनी क्लाउड्स' ११ स्टोन ९ पौंड, २०१९चा 'टायगर रोल' ११ स्टोन ५, २०२४चा 'आय ॲम मॅक्सिमस' ११ स्टोन ६. जुनी पेन्सिल चालवणाऱ्याने या तिघांनाही काट मारली असती. मला यात थोडी चुटपुट लागते, हे लपवत नाही. फॉइनेव्हन आता होणे नाही. पण ज्या घोड्याला घरी परत जायचंय त्याला माझ्या करमणुकीशी काय देणंघेणं?

बायकांचा प्रवेश हा वेगळाच अध्याय. एनिड बॅग्नॉल्डच्या 'नॅशनल व्हेल्व्हेट' या कादंबरीतली व्हेल्व्हेट नावाची मुलगी मुलाच्या वेषात ही शर्यत जिंकते. १९४४च्या चित्रपटात ती एलिझाबेथ टेलर होती. प्रत्यक्षात स्त्रीने इथे घोडा उडवायला १९७७ उजाडलं. प्रशिक्षक म्हणून जेनी पिटमनने १९८३ला बाजी मारली, ती कॉर्बिअरवरच. स्वार म्हणून पहिली विजेती २०२१ची, 'मिनेला टाइम्स'वरची आयर्लंडची रेचल ब्लॅकमोर. कोविडमुळे समोरचे कठडे रिकामे होते. व्हेल्व्हेटच्या वाट्याला आलेल्या टाळ्या रेचलला मिळाल्या नाहीत, पण तिला वेषही बदलावा लागला नाही.

आयर्लंड हे नव्या काळाचं सगळ्यात ठळक लक्षण. १९७५नंतर चोवीस वर्षं तिकडच्या तबेल्यातला एकही घोडा जिंकला नव्हता. १९९९ला 'बॉबीजो'ने तो दुष्काळ मोडला, बाप प्रशिक्षक आणि मुलगा स्वार. पुढच्याच वर्षी 'पॅपिलॉन', पुन्हा बाप-लेक. त्यानंतर धरण फुटलं. २०१८पासून २०२५पर्यंत झालेल्या सात शर्यतींपैकी सहा आयर्लंडच्या. बक्षिसाची रक्कम दहा लाख पौंडांवर गेली, दर्जेदार घोडा तिकडच्या दोन-चार मोठ्या तबेल्यांत एकवटला, आणि प्रवेशाची पायरी उंचावली तशी छोट्या इंग्रज प्रशिक्षकाची जागाच आटली. जिंजर मॅकेनसारखा दुकानामागे घोडा ठेवणारा माणूस आज या यादीत कुठे बसला असता, सांगणं कठीण आहे.

२०२५ला विली मलिन्स यांच्या एकाच तबेल्याने पहिले तीन क्रमांक घेतले. पहिला 'निक रॉकेट', भाव तेहतीसास एक, आणि पाठीवर विलींचा मुलगा पॅट्रिक, हौशी स्वार. टीव्हीवाल्यांनी बापासमोर माइक धरला तर त्यांना रडू आवरेना. निक रॉकेटकडे होते ११ स्टोन ८ पौंड. त्याच्या मागे दुसरा आला तो आदल्या वर्षीचा विजेता, आय ॲम मॅक्सिमस. त्याच्याकडे ११ स्टोन १२, त्या दिवशीच्या सगळ्या घोड्यांत जास्त.