डोंबिवली ते अंधेरी : चार तिकिटं, एक मोबाईल

माझं माहेर अंधेरीचं आणि सासर डोंबिवलीचं. ऐकणाऱ्याला वाटतं, मुंबईतल्या मुंबईत तर जायचं, त्यात काय एवढं! पण गेल्या हिवाळ्यात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस रोज जाऊन येऊन करावं लागलं आणि मी प्रवासापेक्षा रांगांनीच जास्त दमले. घराजवळून स्टेशनपर्यंत महापालिकेची बस, तिथून घाटकोपरपर्यंत लोकल, घाटकोपरहून अंधेरीपर्यंत मेट्रो आणि उतरल्यावर पुन्हा बेस्टची बस. चारदा तिकीट, चारदा पर्स उघडायची. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात औषधांची पिशवी आणि कंडक्टर म्हणतोय, "ताई, सुट्टे द्या."

शेवटी भाचीनं 'मुंबई वन' हे ॲप सुचवलं. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे ते लोकांसाठी खुलं झालं. मुंबईची उपनगरी रेल्वे, मेट्रोचे मार्ग, नवी मुंबईची मेट्रो, मोनोरेल, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर इथल्या बससेवा मिळून 11 सेवा त्यात एकत्र आल्या. (मोनोरेल यादीत होती खरी, पण ती 20 सप्टेंबरपासूनच दुरुस्ती-सुधारणांसाठी बंद होती!) कुठून कुठं जायचं ते सांगितलं की ॲप वाट दाखवतं, पैसे मोबाईलवरूनच भरायचे आणि तिकीट म्हणून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन येतो. आपल्या मिसळणाच्या डब्यासारखंच म्हणा ना. मोहरी मोहरीच्या वाटीत, हळद हळदीच्या, पण झाकण एकच. भाडी मात्र ज्याची त्याची वेगळीच. डबा एक झाला म्हणून मोहरी स्वस्त होत नाही.

मैत्रिणींनो, ही सोय आपल्याला जास्त लागते असं मला वाटतं. आमचे हे सकाळी पास घेऊन निघतात आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत येतात. आपलं तसं कुठं असतं? मुलाला शाळेत सोडायचं, बँकेत डोकवायचं, सासूबाईंच्या गोळ्या आणायच्या, येताना भाजी. जाण्याची एक वाट, येण्याची दुसरी. असल्या तुकड्यातुकड्यांच्या फिरण्याला पास पुरत नाही.

ही कल्पना काही मुंबईची नव्हे. फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरासाठी ती सोन्या हैक्किला या तरुणीनं 2014 साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधात मांडली होती. तिथं 2016 साली 'व्हिम' नावाचं ॲप निघालं. महिन्याची ठराविक रक्कम भरा, मग बस, ट्राम, टॅक्सी, सायकल काय हवं ते घ्या. पण ते चालवणारी कंपनी खाजगी. तिची स्वतःची ना बस ना ट्राम, सगळा माल दुसऱ्याचा. 2024 साली तिचं दिवाळं निघालं. बर्लिनमध्ये मात्र हे काम शहराच्या बस-मेट्रो चालवणाऱ्या सरकारी संस्थेनंच 2019 साली हाती घेतलं. तिच्या गाड्या पिवळ्या, म्हणून तिथल्या बोलीतल्या 'पिवळ्या' या शब्दावरून ॲपचं नाव ठेवलं 'येल्बी'. त्यात बसबरोबर भाड्याची सायकल, स्कूटर, टॅक्सी, तासावर मिळणारी मोटार असं सगळं घातलं.

आपल्याकडे घोडं अडलं ते इथंच. 'मुंबई वन' सुरू झालं तेव्हाच्या त्या 11 सेवांत आपली शेअर रिक्षा नव्हती, आणि एसटीही नव्हती. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माहेरी, देवदर्शनाला, लग्नकार्याला बायका एकेकट्या निघायला लागल्या. ती लाल गाडी या डब्यात हवीच होती. आणि बस चुकली की घर ते स्टेशन आपण जातो कशानं? शेअर रिक्षानंच ना!

माझी अडचण आणखी वेगळीच निघाली. ॲप घेतलं, वाट निवडली, पैसे भरायला गेले तर जमेना. माझं खातं माझ्या नावाचं, पण बँकेत मोबाईल नंबर दिलेला ह्यांचा! लग्नानंतर खातं उघडलं तेव्हा फॉर्म ह्यांनीच भरला होता. मग पहिल्या दिवशी ह्यांच्याच मोबाईलवर तिकीट काढलं, आणि मोबाईल खिशात घालून हे ऑफिसला गेले. मी स्टेशनवर, तिकीट ठाण्याच्या पुढं! तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन अर्ज दिला आणि माझा नंबर जोडून घेतला. क्लार्कनं विचारलं, "साहेबांना विचारलंय ना?" मी म्हटलं, "खातं कुणाचं आहे, ते बघा."

तुम्हीही एकदा पासबुक काढून बघाच. नंबर आपला असेल तरच ॲपचा उपयोग. तिकीट स्टेशनात शिरण्याआधी काढावं, आणि निघताना मोबाईल पुरता चार्ज झालाय ना हे पाहावं. बॅटरी संपली की तिकीटही गेलं. आणि पैसे भरायचा पिन मुलांना सांगू नका, अगदी लाडक्यालासुद्धा नको.

शेवटच्या आठवड्यात मी एकदाही तिकिटाच्या रांगेत उभी राहिले नाही. आईकडे अर्धा तास जास्त बसता आलं, तिच्या डोळ्यांत थेंब घालून निवांत चहा घेता आला. परतताना डोंबिवलीला बस गेलेली असे. बाहेर रिक्षावाला तिसऱ्या सवारीची वाट बघत उभा, आणि त्याला सुट्टेच लागतात. पर्सच्या आतल्या कप्प्यात दहा-दहाच्या नोटांची घडी मी अजून ठेवते.