बिर्कनहेडच्या गवंड्याची लेक

ऑस्कर मिळालं की माणसं ते दिवाणखान्यात, आल्यागेल्याच्या नजरेला पडेल असं ठेवतात. ग्लेंडा जॅक्सनने आपली दोन्ही ऑस्करं आईकडे देऊन टाकली. आणि आईने काय करावं? ती घासली! इतकी घासली, की वरचा सोन्याचा मुलामा गेला आणि आतला धातू दिसू लागला.

आईचा हात कामाचा होता, दुसरं काय! दुकानात काम, दारूच्या गुत्त्यात ग्लास भरून देणं, लोकांच्या घरची झाडलोट, सगळं तिने केलं. वडील गवंडी. इंग्लंडच्या वायव्येला, लिव्हरपूलच्या समोरच्या काठावर बिर्कनहेड नावाचं गाव आहे, तिथे ९ मे १९३६ ला ग्लेंडा जन्मली. चार बहिणींत थोरली. शाळा सुटल्यावर 'बूट्स'मध्ये नोकरीला लागली. नाव बूट्स असलं तरी तिथे औषधं मिळतात बरं का! दोन वर्षं काउंटरमागे उभी राहिली. हौशी नाटकात काम करता करता लंडनच्या 'राडा' या नामांकित नाट्यशाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती गाव सोडून निघाली.

पण तिथे तिला सांगण्यात आलं, की चाळिशीपर्यंत फारसं काम मिळेल अशी आशा धरू नकोस. चेहरा नायिकेचा नाही ना! १९५८ मध्ये रॉय हॉजेसशी लग्न झालं. तोही रंगभूमीवरचाच, तेव्हा घरात पैशाची चणचण ठरलेली. ग्लेंडाने कॉफीच्या दुकानात टेबलं सांभाळली, कचेरीत कारकुनी केली, पुन्हा दुकानात उभी राहिली. १९६४ मध्ये पीटर ब्रूक या दिग्दर्शकाने तिला हेरलं आणि मग गाडी रुळावर आली.

'विमेन इन लव्ह'च्या चित्रीकरणाच्या वेळी तिला दिवस गेले होते. याच चित्रपटाने तिला पहिलं ऑस्कर दिलं. ती समारंभाला गेली नाही. १९७३ च्या 'अ टच ऑफ क्लास' या विनोदी चित्रपटाने दुसरं दिलं, तेव्हाही गेली नाही. ज्या नाट्यशाळेने चाळिशीची मुदत घातली होती, तिची ही विद्यार्थिनी चाळिशीच्या आत दोन ऑस्करं मिळवून बसली.

या दोहोंच्या मधली १९७१ सालची बीबीसीची 'एलिझाबेथ आर' ही सहा भागांची मालिका मला तिच्या तरुणपणीच्या कामांत सर्वांत मोठी वाटते. कोवळ्या राजकन्येपासून एकोणसत्तर वर्षांच्या जर्जर राणीपर्यंतचा प्रवास चौतिशी-पस्तिशीच्या बाईने दाखवायचा. राणीचं कपाळ उंच, म्हणून ग्लेंडाने डोक्याचा पुढचा भाग चक्क भादरून घेतला. त्याच वर्षी मोरकॅम्ब आणि वाइज या विनोदी जोडीच्या कार्यक्रमात ती क्लिओपात्रा होऊन आली आणि स्वतःचंच हसं करून घेतलं. तो प्रवेश पाहूनच 'अ टच ऑफ क्लास'च्या दिग्दर्शकाला तिचं नाव सुचलं.

१९७६ मध्ये घटस्फोट झाला. डॅन हा एकुलता एक मुलगा तेव्हा लहान होता.

आणि मग १९९२ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, या बाईने अभिनय सोडला. मजूर पक्षातर्फे लंडनच्या हॅम्पस्टेड भागातून निवडून आली आणि तेवीस वर्षं पार्लमेंटात बसली. नावापुरती नव्हे. १९९७ ते १९९९ वाहतूक खात्यात उपमंत्री होती. २००३ च्या इराक युद्धाला तिने स्वतःच्याच पक्षाविरुद्ध जाऊन विरोध केला. २०१० ची निवडणूक अवघ्या ४२ मतांनी जिंकली! या सगळ्या काळात तिने नाटक-सिनेमाचं एकही काम धरलं नाही.

बायकांसाठी चांगल्या भूमिका लिहिल्याच जात नाहीत, ही तिची जुनी तक्रार. वय वाढलं की त्या आणखी कमी होतात. म्हणूनच २०१५ मध्ये पार्लमेंट सोडल्यावर ती काय करते, याचं कुतूहल होतं. तिने काय निवडलं? किंग लियर! ऐंशीव्या वर्षी, २०१६ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक रंगमंचावर तो म्हातारा राजा तिने उभा केला. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचं टोनी पारितोषिक पटकावलं.

पण आपल्यासारख्यांनी पाहावं ते तिचं २०१९ मधलं 'एलिझाबेथ इज मिसिंग'. मॉड नावाची आजी. स्मृतिभ्रंश झालेला, आठवणीसाठी सगळीकडे चिठ्ठ्या. मैत्रीण कुठे गेली हे ती विचारत सुटते आणि कुणी मनावर घेत नाही. लेक वैतागते, मग स्वतःच ओशाळते. घरात असं माणूस सांभाळलेल्या बाईला ही लेक निराळी सांगावी लागणार नाही. ग्लेंडाने मॉडला कुठेही बिचारी केलेलं नाही, ती चिडते, हट्ट करते, टाकून बोलते. या कामासाठी तिला चौऱ्याऐंशीव्या वर्षी बाफ्टा मिळालं.

शेवटची वर्षं ती लंडनमध्ये मुलाच्या घराच्या तळघरातल्या जागेत राहिली. १५ जून २०२३ ला ती गेली. त्यानंतर चार महिन्यांनी 'द ग्रेट एस्केपर' प्रदर्शित झाला. त्यात जुना युद्धसैनिक नवरा वृद्धाश्रमातून गुपचूप निसटून फ्रान्सला जातो. नवऱ्याचं काम मायकेल केनचं, १९७५ च्या 'द रोमँटिक इंग्लिशवूमन'मध्येही तोच तिचा नवरा होता. मागे राहून, त्याचं गुपित पोटात ठेवून वाट पाहणारी बायको म्हणजे ग्लेंडा.