नांगराला माती कशी कळते?

आमच्या बीड जिल्ह्याची माती एका स्वभावाची नाही. गोदाकाठी गेवराई-माजलगावकडे ती काळी आणि खोल, तर बालाघाटावर पाटोदा-आष्टीकडे हलकी, मुरमाड. एकाच वावरातही दहा पावलांवर ती बदलते.

एका वैशाखात मामूंच्या बांधावर उभा राहून मी नांगरणी पाहत होतो. कडक पट्टा लागला की ट्रॅक्टरचा आवाज जड व्हायचा, नांगर जरासा वर यायचा आणि पट्टा सरला की पुन्हा खाली बसायचा. मामूंचे हात मात्र स्टेअरिंगवरच. मी विचारलं, ‘मामू, ह्याला माती कशी कळते?’ ते म्हणाले, ‘माती नाही कळत बाबा, त्याला ओढ कळते.’

ही करामत उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची. त्यांचा असा ट्रॅक्टर 1936 साली बाजारात आला. नांगर तीन दांड्यांनी जोडलेला असतो. माती कडक लागली की वरची दांडी एका स्प्रिंगला दाबते. त्या दाबाने झडप उघडते, पंपाचं तेल सिलिंडरात शिरतं, दट्ट्या सरकतो आणि नांगर थोडा उचलला जातो. ओढ कमी झाली की तेल परततं आणि नांगर उतरतो. इथे खोली नव्हे, ओढ सारखी राखली जाते. खोली राखायला दुसरा दांडा असतो.

ऐकायला सोपं, पण तेल सरळमार्गी नाही. दाबातला फरक चौपट झाला, तर झडपेतून जाणारं तेल दुप्पटच होतं. दुपारी तेल तापून पातळ होतं. त्यात हवेचे बुडबुडे शिरले की ते स्पंजासारखं दबतं. दट्ट्याही आधी अडतो, मग एकदम सुटतो. एसटीच्या ब्रेकमध्ये तेलाऐवजी दाबलेली हवा काम करते, आणि हवा तर मुळातच दबणारी. म्हणून अभियंते एकाच आकड्यावर विसंबत नाहीत. तेल इतकं ते इतकं पातळ, ओझं इतकं ते इतकं, अशा हद्दी आखून त्या हद्दीत कुठेही यंत्र बिथरणार नाही, असं नियंत्रण बांधतात.

त्याची एक रीत सोव्हिएत संघातल्या अभ्यासकांनी घडवली. त्यांपैकी उत्किन यांच्या 1977 च्या लेखाने ती जगभर पोहोचली. मनात एक रेषा धरायची. यंत्र रेषेच्या अलीकडे असेल तर जोराने पलीकडे ढकलायचं, पलीकडे गेलं तर जोराने अलीकडे. तेल कसंही असो, ते रेषेवर येतंच. मात्र या ओढाताणीत यंत्र थरथरतं, झडपा झिजतात. म्हणून रेषेजवळ आल्यावर जोर मवाळ करावा लागतो. थोडी अचूकता सोडायची आणि शांतता मिळवायची.

पण हद्द ती हद्दच. त्याच हंगामात मामूंचा गडी उचललेल्या नांगराखाली बसून फाळ बदलत होता. तेलाचा पाइप फुटला आणि नांगर धाडकन खाली आला. गड्याचा पाय वीतभर अंतराने वाचला. तेलच वाहून गेल्यावर झडप तरी काय सावरणार? त्या दिवसापासून मामू आधी नांगर जमिनीवर टेकवतात. वर ठेवावाच लागला तर खाली भक्कम लाकडी ठोकळे देतात.

शेतकरी बांधवांनो, यंत्र मातीचे लहरी स्वभाव सांभाळून घेईल. फुटलेला पाइप ते सांभाळू शकत नाही. तेवढा ठोकळा आपल्यालाच ठेवावा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)