तबकडीवरची मेणखडूची खूण

11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली 1520 सेजविक अॅव्हेन्यू ही इमारत. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करायला तिनं इमारतीतला सामाईक हॉल घेतला, कार्डांवर हातानं आमंत्रणं लिहिली, मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट तिकीट लावलं. गाणी वाजवायला 18 वर्षांचा थोरला भाऊ क्लाइव्ह होताच. त्यालाच लोक डीजे कूल हर्क म्हणत. हिप-हॉपचा इतिहास या रात्रीपासून सांगतात, पण त्यात सिंडीचं नाव ओघात येऊन जातं. मला तिचा मान पहिला वाटतो. कुणी बोलावलंच नसतं, तर नाचायला आलं कोण असतं?

ब्राँक्सची तेव्हा दैना झाली होती. शहराचे रस्ते आखणाऱ्या रॉबर्ट मोझेस यांच्या क्रॉस ब्राँक्स महामार्गानं नांदत्या वस्त्या मधोमध चिरल्या. मग आगी सुरू झाल्या. काही घरमालकांनी तर विम्याच्या पैशासाठी त्या लावून घेतल्या, आणि शहरानं अग्निशमन केंद्रांना कात्री लावली. 1970 ते 1980 या काळात काही जनगणना-विभागांतल्या 97 टक्क्यांहून अधिक इमारती जळाल्या किंवा ओस पडल्या. वाद्यवृंद परवडायचा कुणाला? घरात तबकड्या मात्र होत्या.

हर्क जमैकाच्या किंग्स्टनमधून आलेला. भिंतीएवढे स्पीकर रस्त्यावर मांडून गाणी लावायची आणि त्यावर बोलत राहायचं, ही तिथली रीत त्यानं लहानपणी पाहिली होती. त्याच्या लक्षात आलं, की गाणारा थांबून नुसते ढोल उरतात, त्या ‘ब्रेक’ची नाचणारी पोरं वाट पाहत असतात. तो तुकडा असतो काही सेकंदांचा. म्हणून त्यानं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. इकडचा ब्रेक संपला, की तिकडची सुई त्याच जागी. त्यावर नाचणारे ते बी-बॉय.

हर्क सुई अंदाजानं टाकायचा, त्यामुळे ठेका तुटायचा. हे खटकलं जोसेफ सॅडलरला, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅशला. हा पोरगा इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा. त्यानं तबकडीवर मेणखडूनं खूण केली. ब्रेक कुठे सुरू होतो ते खुणेवरून कळायचं, आणि किती फेरे उलटे फिरवले की पुन्हा सुरुवात येते, ते मोजता यायचं. पण हातानं तबकडी मागे ओढली की खालचं रबर अडायचं. मग त्यानं फेल्टचं कापड गोल कापलं, खळ देऊन इस्त्री फिरवून कडक केलं आणि मध्ये सरकवलं. आता खालची चकती फिरत राही आणि वरची तबकडी बोटांच्या हुकमात. तबकडीवर बोट लावायचं नाही, ही घराघरातली सक्त ताकीद. ती मोडली आणि टर्नटेबल वाद्य झालं. मला या सगळ्या इतिहासात त्या खळ दिलेल्या कापडाएवढं मोलाचं काही वाटत नाही.

शब्द नंतर पुढे आले. आधी एमसीचं, म्हणजे माइकवर बोलणाऱ्याचं, काम गर्दीला हाक देण्याचं. हळूहळू यमकं लांबत गेली. 1979 मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघाली आणि रॅप रेडिओवर पोचलं. त्यातल्या एका गायकाच्या ओळी मुळात ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझच्या. इतक्या जशाच्या तशा, की कॅझचं नावसुद्धा त्यात तसंच राहिलं. श्रेय नाही, पैसा नाही. 1982 च्या ‘द मेसेज’ या गाण्यानं पडक्या वस्तीतलं जगणं थेट सांगितलं, आणि 2018 मध्ये रॅपर केंड्रिक लमारला पुलित्झर मिळालं. ही वाट सर्वांना ठाऊक आहे.

माझं मन अडतं ते क्लाइड स्टबलफील्डपाशी. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ढोल त्याचा. त्याचे ते काही सेकंद हजाराहून अधिक गाण्यांत उचलले गेले. पब्लिक एनिमी या गटाच्या ‘फाइट द पॉवर’मध्येही तेच. 1991 मध्ये न्यायालयानं विनापरवाना तुकडे उचलणं बेकायदा ठरवलं खरं, पण हक्क गाण्याच्या मालकाचा, वाजवणाऱ्याचा नाही. 2017 मध्ये स्टबलफील्ड गेला, तो त्या ठेक्याची रॉयल्टी न मिळताच.

मुंबईत हे संगीत आलं तेव्हा आपण लगेच शाहिरीशी त्याचं नातं जुळवलं. साम्य आहे, वंश एक नाही. नातं कुठे खरं जुळतं ते ऐकायचं असेल, तर ‘स्वदेसी’ या गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ ऐकावं. त्यात आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर स्वतः गातात, आणि त्यांचं नाव गाण्यावर आहे.

2007 मध्ये सेजविक अॅव्हेन्यूची ती इमारत स्वस्त घरांच्या सरकारी योजनेतून काढून घेण्याचा मालकाचा बेत होता. भाडेकरूंनी हिप-हॉपचा जन्म पुढे केला, आणि राज्यानंही त्या वर्षी ते जन्मस्थान मान्य केलं. तरी पुढच्या वर्षी इमारत विकली गेलीच. शहराच्या मदतीनं ती पुन्हा सामान्यांच्या आवाक्यात यायला आणखी काही वर्षं जावी लागली. त्या लढ्यात भाडेकरूंच्या बाजूनं हर्क उभा होता, आणि सिंडीही.