महसीरची वीण

पहिल्या पावसाचं गढूळ पाणी ओढ्यातून खाली येऊ लागलं की मासे उलटे वर चढतात. कोणी याला वलगण म्हणतं, कोणी चढण. त्या दिवसांत टोपल्या भरतात, कालवणाच्या गप्पा रंगतात आणि हे मासे विणीला निघालेले असतात याचा विसर पडतो.

गळ टाकणाऱ्यांचा सर्वांत लाडका मासा, महसीर, याच पाण्याची वाट पाहतो. आपल्या सह्याद्रीतला महसीर म्हणजे टोर खुद्री. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. अमेरिकेतल्या क्रॅपी माशाचा नर उथळ पाण्यात घरटं कोरून अंड्यांवर पहारा देतो. महसीर तसलं काही करत नाही. वाहतं, स्वच्छ पाणी आणि तळाची खडी यांच्या भरवशावर मादी अंडी सोडते आणि निघून जाते. त्यातून अंडीही मोजकीच. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाखांनी अंडी देते, महसीर काही हजारच. म्हणून बांधाने वाट अडली किंवा वाळूउपशाने तळ खरवडला गेला, की या माशाचं नुकसान लवकर भरून येत नाही.

लोणावळ्याच्या वळवण तलावावर, टाटांच्या उबवणी केंद्रात, १९७०च्या दशकात सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी या अडचणीवर उपाय शोधला. पावसाळ्यात पिकलेली मादी धरायची, पोटावरून हलका हात फिरवून सोनेरी-पिवळी अंडी कोरड्या भांड्यात घ्यायची, त्यात नराचं वीर्य मिसळायचं आणि मग पाणी. तीनेक दिवसांत पिल्लं बाहेर पडतात, पण लगेच पोहत नाहीत. पोटाशी बलकाची पिशवी घेऊन ती कोपऱ्यात, खड्यांच्या फटीत डोकी खुपसून पडतात. शेपट्या तेवढ्या हलत असतात. नदीत खडी का लागते, ते इथे डोळ्यांनी दिसतं. मला सर्वांत थक्क करते ती कुलकर्णी-ओगले यांची पुढची युक्ती: फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून, पाण्याशिवाय, विमानाने दूरवर पाठवायची.

इतक्या कष्टांनी वाढवलेली बोटुकली अनेक नद्यांत सोडली गेली. कावेरीतही. तिथे मात्र त्या नदीचा स्वतःचा महसीर होता, नारिंगी परांचा, पाठीला उंचवटा असलेला. १९४६ मध्ये व्हॅन इंगेन यांनी कावेरीला मिळणाऱ्या काबिनीत गळाने काढलेला १२० पौंडांचा विक्रमी मासा याच जातीचा. कावेरीवरच्या गळवाल्यांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा नारिंगी परांचे मासे घटत गेलेले आणि निळसर परांचे, बाहेरून आलेले टोर खुद्री वाढत गेलेले दिसले. वळवणच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. तरी बीज सोडण्याआधी त्या नदीत कोण राहतं हे बघायलाच हवं होतं, असं मी स्पष्ट म्हणेन.

कावेरीच्या त्या माशाची टोर रेमादेवी म्हणून ओळख पटली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. टोर खुद्रीला मात्र त्याच वर्षी संकटग्रस्त वर्गातून बाहेर काढण्यात आलं.